मागे कुणीतरी आहे!

कॅनडातल्या गाड्यांना नोव्हेंबर लागला की भुतं दिसायला लागतात.

एरवी गाडी शहाणी असते. ऑक्टोबरपर्यंत रिव्हर्स टाकला की शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबा किंवा पोराने आडवी टाकलेली सायकल, असं खरोखर असलेलं काहीतरी पाहूनच ती ओरडते. तेही रीतसर. आधी टिक्... टिक्, मग टिकटिकटिक, आणि अगदी फुटाभरावर आलं की सलग टीऽऽऽ. पहिला बर्फ पडून गेला की मात्र मागे रस्त्यापलीकडच्या घरापर्यंत चिटपाखरू नसलं तरी रिव्हर्स टाकायचा अवकाश, ती थेट शेवटच्या सुरात किंचाळते. पडद्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र येतं आणि तिच्या पाठीशी लालभडक कमानी. गाडीचं म्हणणं, कुणीतरी बंपरला पाठ टेकून उभं आहे. उतरून पाहावं तर कुणी नाही. पुन्हा बसावं तर पुन्हा टीऽऽऽ. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. इथे त्या ब्रह्मराक्षसाची जाडी फार तर दोन मिलिमीटर असते आणि तो बंपरवरच्या रुपयाएवढ्या टिकलीला चिकटलेला असतो.

त्या टिकल्या म्हणजे पार्किंग सेन्सर. ते असलेल्या बहुतेक गाड्यांना चार मागे, पुष्कळांना चार पुढेही; आणि ‘तुम्ही स्टीअरिंग सोडा, मी लावते’ म्हणणारी गाडी असेल तर आणखी चार कडेला. प्रत्येक टिकलीच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या पाठीला पिझो जातीची चकती. हिला वीज दिली की ती थरथरते, आणि उलट कुणी थरथरवली की वीज देते. स्फटिकांचा हा स्वभाव १८८० मध्ये ज्याक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी शोधून काढला, म्हणजे मादाम क्यूरींच्या थोरल्या दिरांनी आणि यजमानांनी. लग्न अर्थात पुढचं. पडदा सेकंदाला चाळीस-पन्नास हजार वेळा थरथरून एक बारीकशी हाक मारतो. आपल्याला ती ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान वीस हजारांपाशी हात टेकतो. हाक कशावर तरी आपटून परत आली की तोच पडदा ती ऐकतो आणि मधल्या वेळावरून अंतर काढलं जातं. फुटभर अंतरावरून उत्तर यायला दोन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. सरकारी कचेरीत अर्ज टाकून बसलेल्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण आहे खरं.

युक्ती वटवाघळांची. अठराव्या शतकाच्या शेवटी स्पालान्झानी नावाच्या इटालियन पाद्र्याने दाखवलं होतं, की डोळे गेलेलं वटवाघूळ अंधारात बिनचूक उडतं, पण कान बंद केले की भिंतींवर आपटतं. ‘म्हणजे वटवाघळं कानांनी पाहतात, मग डोळ्यांनी ऐकतात का?’ अशी तेव्हा टिंगल झाली. पुढे १९८२ मध्ये टोयोटाने आपल्या करोना गाडीत मागचा सोनार बसवला आणि ही वटवाघळी विद्या मोटारीत आली. येताना एक गोष्ट तेवढी विसरली. ऑन्टारिओतली किती तरी वटवाघळं हिवाळाभर गुहांत आणि जुन्या खाणींत उलटी लटकून झोपतात. निसर्गाने या यंत्राला हिवाळी रजा मंजूर केलेली होती. मोटार कंपन्यांनी ती परस्पर रद्द केली.

आता कुणी म्हणेल, थंडीचा त्रास होत असेल बिचाऱ्याला. तर नुसत्या थंडीचं तसं काही नाही. थंडीत ध्वनी मंदावतो हे खरं. पुण्यात मे महिन्यात चाळीस अंशांत तो सेकंदाला ३५५ मीटर धावतो, इथे उणे वीसला ३१९. म्हणजे टोरांटोत आवाजसुद्धा हात खिशात घालून चालतो. पण बाहेरचं तापमान गाडीला कळत असतं आणि त्याचा हिशेब ती आपला आपण जुळवून घेते. तिला जमत नाही ते तोंडावर बसलेलं बर्फ. हाक मारून झाल्यावर पडदा लगेच शांत होत नाही, क्षणभर घुमत राहतो. देवळातली घंटा वाजवून लगेच तिलाच कान लावावा, तर बाहेरचं बोलणं ऐकू न येता घंटाच ऐकू येते, तसं. म्हणून पडदा शांत होईपर्यंत ऐकायचंच नाही, असं ठरवून दिलेलं असतं. पडद्यावर बर्फाची पापडी धरली की हे सगळं गणित बिघडतं. घुमणं बदलतं, हाक पापडीतच अडते, आणि सेन्सर आपलाच आवाज ऐकून समजतो की उत्तर आलं, तेही अगदी जवळून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फरक इतकाच, की इथे गावाला वळसा घालायला आपण उतरतो, पायजम्यावर, उणे बारामध्ये.

बर्फ म्हटलं की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे एकच पांढरं चित्र असतं. सेन्सरच्या दृष्टीने त्यात पुष्कळ जाती आहेत. उणे वीसला पडतो तो कोरडा भुगा. फुंकर मारली तर उडतो, त्याची तक्रार नाही. वैर आहे ते शून्याच्या आसपासच्या हवेशी. फ्रीझिंग रेन नावाचा पाऊस पडताना पाणी असतो आणि गाडीला टेकताक्षणी काच होतो. दार, हँडल, बंपर, सगळ्यावर पारदर्शक लेप. हा सर्वांत फसवा, कारण दिसतच नाही. आपण बंपर पुसल्यासारखं करतो, ‘स्वच्छ तर आहे’ म्हणतो, आणि आत येऊन बसल्यावर टीऽऽऽ. दुसरा वैरी हायवेवरचा. फोर-ओ-वन नावाच्या इथल्या हायवेवर संध्याकाळी पुढचा ट्रक आपल्या अंगावर जो राखाडी रबरबाट उडवतो, त्यात बर्फ, पाणी, माती आणि सरकारने सढळ हाताने टाकलेलं मीठ असतं. रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून हे मीठ. पण साधं मीठ उणे दहाच्या खाली गेलं की फारसं काम करत नाही. मग उरतो नुसता खारट चिखल. तो बंपरवर थापला जातो, घरी पोहोचेपर्यंत गोठतो, उबदार गॅरेजात अर्धा वितळतो, सकाळी दार उघडताच पुन्हा गोठतो. सकाळी हाताला लागतं ते बर्फही नसतं, मीठही नसतं. वरून पांढरं, आतून काळं, आणि नखाने खरवडलं तर नख मोडेल असं कडक.

म्हणून इथे कुणाचाही काळा कोट पाहा. उजव्या मांडीपाशी त्याला पांढरा खारट पट्टा असतो. गाडीच्या मागे वाकून सेन्सर पुसताना तो लागतो. अंगठ्याने पुसावं तर हातमोजा चिकटतो. हातमोजा काढावा तर अंगठा चिकटतो. काचेवरचं बर्फ खरवडायचं प्लॅस्टिकचं खोरं हाताशी असतं, पण ते सेन्सरवर चालवलं तर रंग जातो आणि पडद्याला ओरखडा पडतो. चहाचं आधण ओतणारेही महाभाग आहेत. त्यांचं बर्फ लगेच वितळतं, पाणी खाली गळून सबंध ड्राइव्हवेवर पसरतं आणि दहा मिनिटांत तिथे स्केटिंगची सोय होते. खरा उपाय अगदी साधा आहे: मऊ ब्रश, कोमट पाणी थोडंसं, कोरडं फडकं, नाहीतर काच धुवायचं ते निळं पाणी, जे उणे चाळीसपर्यंत गोठत नाही असं कॅनवर लिहिलेलं असतं. हे सगळं करून आपण हायवेला लागतो. पुढे तोच ट्रक असतो.

थंडीत आई आली होती तेव्हा या सेन्सरला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मनापासून ऐकणारं भेटलं.

“अरे थांब, थांब! ओरडतंय ना ते!”

“आई, मागे काही नाहीये.”

“तुला काय ठाऊक? तू पुढे बसलायस.”

“बर्फामुळे वाजतंय ते.”

“इतक्या महागाची गाडी उगाच ओरडेल का रे?”

यावर उत्तर नाही. मग मी उतरून मागे चक्कर मारून यायचो, ‘कुणी नाही’ म्हणून आईला सांगायचो, आई गाडीकडे पाहायची, गाडी टीऽऽऽ करायची, आणि आई माझ्याकडे पाहायची. लहानपणी बरणी फुटली तेव्हाही मी ‘काही नाही’च म्हटलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता यायचं. शेवटी तिने घरगुती इलाज काढला. “त्याला थोडं खोबरेल लाव. म्हणजे चिकटणारच नाही.” जी बाई पुण्याच्या थंडीत खोबरेलाची बाटली गच्चीवर उन्हात ठेवते, तिने हे सांगावं! पंचविसाच्या खाली थिजणारं तेल उणे दहाला लावलं की सेन्सरवर पांढरीशुभ्र वडी बसते, एवढंच. चव पाहायला साखर नव्हती. इथल्या लोकांचे इलाज काही फार वेगळे नाहीत म्हणा. कुणी मेण चोळतो, कुणी सिलिकोनचा फवारा मारतो. आधी जाड लेप लावायचा आणि मग सेन्सरला दिसत नाही म्हणून चिडायचं.

बहुतेक जण महिनाभराने बटणाला शरण जातात. डॅशबोर्डवर पी अक्षर असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की सेन्सर गप्प. पण आमच्या गाडीसारख्या गाड्यांत हा गप्प बसण्याचा वर तेवढ्या खेपेपुरता. इंजिन बंद करून सुरू केलं की ती मागचं सगळं विसरून नव्या उमेदीने किंचाळते. त्यामुळे हिवाळ्यात गाडी सुरू करायचा एक ठरलेला क्रम बसतो: इंजिन, सीटची ऊब, काचेची ऊब, पी. बोट आपोआप जातं. बायको तर एप्रिलमध्येही दाबते. मी विचारलं, “अगं, आता तर बर्फ नाही.” म्हणाली, “असू दे. शांत वाटतं.”

ज्यांच्या गाड्या याहून हुशार आहेत त्यांचे हाल बघवत नाहीत. त्यांच्या गाड्या नुसत्या ओरडत नाहीत; मागे कुणीतरी आहे असं वाटलं की स्वतःच करकचून ब्रेक मारतात. बंपरखाली लोंबणारा बर्फाचा गोळा, वाऱ्याने उडालेला भुगा, काहीही पुरतं. ड्राइव्हवेतून तासाला तीन किलोमीटरच्या वेगाने निघालेला सभ्य गृहस्थ असा हिसका बसून थांबतो आणि मांडीवर कॉफी घेऊन मागे वळून पाहतो. मागे सकाळचं निरभ्र आकाश.

एवढं सगळं करून हा पहारेकरी खऱ्या बर्फापुढे काय करतो? गप्प बसतो. ताजा, भुसभुशीत बर्फ म्हणजे आत सगळी हवा आणि पोकळ्या. आवाज त्यात शिरतो तो शिरतोच. बर्फ पडून गेल्यावर सगळं गाव एकदम शांत वाटतं, त्याचं कारणही हेच. रात्रीत वाऱ्याने कोपऱ्यात कमरेएवढा ढीग रचून ठेवलेला असतो. सेन्सर त्याला हाक मारतो, हाक परत येत नाही, आणि सेन्सर कळवतो: मार्ग मोकळा आहे. दोन मिलिमीटरच्या पापडीला पाहून ज्याने आकाशपाताळ एक केलं, तो कमरेएवढ्या डोंगराला हात दाखवून ‘या’ म्हणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

कायद्याच्या बाबतीतही एक गंमत आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिका आणि कॅनडाने त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१८ पासून, सक्ती केली ती मागच्या कॅमेऱ्याची. म्हणजे जिथे बर्फ फारसा नाही तिथे बर्फाला भिणारं यंत्र, आणि जिथे हिवाळाभर खारट चिखल उडतो तिथे चिखलाने आंधळं होणारं. पण कॅमेऱ्याचा मी पक्षपाती आहे. तो आंधळा झाला की पडद्यावर राखाडी धुरळा दाखवतो, ‘मला दिसत नाही’ असं निमूटपणे कबूल करतो. सेन्सर दिसेनासं झालं की बोंब मारतो. २०२२ च्या ऑक्टोबरात टेस्लाने तर आपल्या नव्या गाड्यांतून हे सेन्सर काढून टाकायला सुरुवात केली, कॅमेरे पुरेत म्हणून. पुसायचं काम त्याने संपलं असं नाही. फडकं इकडून तिकडे गेलं.

सेन्सर असा का वागतो, हे मला माझ्या मामांमुळे कळलं. मामा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाची गाडी रात्री गावात आली की मारुतीच्या देवळापुढे वळवून लावायची. एका बाजूला ओढा, एका बाजूला कुणाचा तरी गोठा, आणि उजेड म्हणजे देवळातला एक बल्ब. मामा खाली उतरून मागच्या पत्र्यावर तळहाताने थापा मारत चालायचे. धप् धप् धप्, “येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...” ड्रायव्हरला मामा दिसत नसत. थाप ऐकू येत असेतो गाडी मागे यायची. थाप थांबली की गाडी थांबली. मामांनी ‘थांबा’ म्हणायची गरजच नव्हती. एकदा अंधारात त्यांचा पाय घसरून ते ओढ्यात गेले; थाप बंद पडली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मामा भिजले, पण वाचले.

ट्रकचे क्लीनरही असंच करतात. आवाज चालू म्हणजे वाट मोकळी, आवाज बंद म्हणजे थांब. अख्ख्या महाराष्ट्राच्या गाड्या वर्षानुवर्षं याच रिवाजाने मागे गेल्या. मोटारीतल्या सेन्सरने तो उलटा केला. गप्प म्हणजे वाट मोकळी, आवाज म्हणजे थांब. आता या उलट्या रिवाजात सेन्सरच ओढ्यात पडला तर? तोही गप्प, मोकळी वाटही गप्प. गाडीने ओळखायचं कसं? म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला बजावून ठेवलं, की बाबा, शंका आली की ओरड. बर्फ बसलं, ओरड. चिखल बसला, ओरड. वायर तुटली, ओरड. विचार अगदी रास्त आहे. फक्त इथे नोव्हेंबर ते मार्च शंकेशिवाय दुसरं काही येतच नाही, आणि रोज मरे त्याला कोण रडे?

हे दोन्ही रिवाज समोरासमोर आलेले पाहायचे असतील तर जानेवारीतल्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला यावं. भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, बाहेर उणे चौदा. पैठणीचे काठ मुठीत धरून, खाली गुडघ्यापर्यंतचे स्नो बूट घालून बायका हळदीकुंकवाला चाललेल्या. एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्या हातात नेहमीच्या चपला असलेली पिशवी. पार्किंगमधलं सगळं बर्फ लोटून कडेला ढीग केलेले, त्यावर दुपारी पडलेला ताजा भुगा. आधीच जागा कमी, त्यात बर्फाखाली पांढऱ्या रेघा गायब, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या संस्कारांप्रमाणे गाडी लावलेली. आणि चहूकडून टीऽऽऽ. हॉलमध्ये ‘गोड बोला’ चाललेलं असताना बाहेर पंचवीस-तीस गाड्या एकमेकींवर किंचाळत असतात.

अशा वेळी एक काका हटकून पुढे होतात. माकडटोपी, त्यावरून मफलर, हातात टॉर्च. तरुणपणी त्यांचा कोल्हापूरकडे ट्रान्सपोर्टचा धंदा होता, त्यामुळे गाडी मागे घेणं हा आपला प्रांत, अशी त्यांची रास्त समजूत. मागल्या संक्रांतीला एक मुलगा आईला सोडायला आला होता. इथेच जन्मलेला, लायसन्स नवं कोरं, वडिलांनी निघण्यापूर्वी सेन्सर लख्ख पुसून दिलेले. कॅमेरा मात्र वाटेत राखाडी झाला होता. काकांनी टॉर्च हलवला. पोराने शहाण्यासारखी काच खाली केली.

“येऊ दे... येऊ दे... येऊ दे... येऊ दे...”

मग काका थांबले.

गाडीतला सेन्सर गप्प. काका गप्प. दोघंही गप्प म्हणजे काही प्रश्नच नाही, म्हणून पोराने जरा जास्तच आत्मविश्वासाने गाडी मागे घेतली आणि ती भस्सकन मागच्या दारापर्यंत ढिगात शिरली. ओरखडा नाही, पोचा नाही. फक्त नंबर प्लेट आणि मागची काच दिसेनाशी झाली. आता मात्र सेन्सर मनापासून ओरडायला लागला.

पोरगा उतरला. “काका, तुम्ही काही बोललाच नाहीत!”

काकांनी मफलर तोंडावरून खाली ओढला.

“मग? गप्प बसलो होतो ना मी चांगला!”